सेहेचाळीस वर्षांची शहजादी

कानपूर, १८ फेब्रुवारी १९५७

नौटंकीच्या तख्तावर उभ्या राहून गाणाऱ्या बायांनो,

मी सुरसती. चौतीस सालापर्यंत तुमच्यासारखीच तख्तावर गात होते. त्यानंतर बावीस वर्षं कानपुरात गिरणीच्या फाटकावर भाषणं करते आहे. आज मात्र गिरणीचं काही नाही, आज आपलं आहे.

आपल्या धंद्यात बाईला म्हातारं व्हायची मुभा नाही. पुरुष तरुणपणी राजपुत्र होतो, मग राजा होतो, मग दाढी लावून फकीर होतो, आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेतो. आपण सोळाव्या वर्षी शहजादी आणि पन्नासाव्या वर्षीही शहजादीच. चेहऱ्याला सफेदा फासता येतो, केसांना काळं लावता येतं. गळ्याला काय लावणार? भोंग्याशिवाय पाच हजार माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे, आणि तोही काळी पाचच्या पट्टीत. ज्या दिवशी तो पोचत नाही, त्या दिवशी कुणी म्हणत नाही की बाईचं वय झालं. म्हणतात, हिचा गळा बसवायला पानातून कुणीतरी शेंदूर चारला. मग तो चारणारा हात शोधतात. तो हात मालकाचा कधीच निघत नाही. पान लावणारीचा निघतो, वेणी घालणारीचा निघतो. आपल्या प्रत्येक कंपनीच्या मागे अशी एक बाई मारून टाकलेली आहे, आणि तिचं नाव आपण घेत नाही.

माझी मावसबहीण नगीना आणि मी, आमच्या दोघींची पत्रं खाली उतरवून देते. तिची परवानगी आहे. मला लाज आणणारी पत्रंही गाळलेली नाहीत. तंबूत मोठ्यानं वाचा. मालक ऐकत असेल तर आणखी मोठ्यानं.

*

बिलसारा, ३ डिसेंबर १९५६

जिज्जी,

पाया पडते. तुझ्या नगीनाचा गळा गेला.

परवा ठाकूर नवाबसिंगच्या लेकीच्या लग्नात खेळ होता. शहजादी बुरुजावरून हाक घालते, तिथे मी वरचा सूर लावला, आणि कोरा लठ्ठा दोन हातांनी टरकावावा तसा आवाज आला. आजूबाजूला बघितलं, कुणाचा म्हणून. माझाच होता. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, शहजादीच्या अंगात तिची सासू शिरली!" सगळा मांडव हसला. ठाकूर उठला आणि त्यानं छतात दोन बार काढले. एक कंदील फुटला, काचा आमच्या नगारेवाल्याच्या खांद्यात घुसल्या. तो रक्त गळत असतानाही वाजवत राहिला, कारण ठाकूर बसला नव्हता. मीही गात राहिले. कसं गायले ते मला विचारू नकोस.

खेळ संपायच्या आत आमचा मालक छेदालाल मास्तर तख्तावर चढला आणि छाती पिटून म्हणाला, "माझ्या बाईला शेंदूर चारलाय!" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, जिज्जी. दुसरं काय असणार? मी काही कमी जपते का? पहाटे गाईचं तूप आणि मिरी, दिवसभर गालात कुलंजन, जेष्ठमधाचं पाणी. दही शिवत नाही, गळ्याचा रेशमी रुमाल उन्हाळ्यातही सोडत नाही. खर्ज तर मी वीस वर्षांत लावला नाही. मास्तर म्हणतो, खाली उतरलेला आवाज पुन्हा वर येत नाही.

आणि माझं पान कोण लावतं? बिट्टन. वीस वर्षं तीच माझा चेहरा रंगवते, तीच विडा देते. लग्नाच्या दोन दिवस आधी माझी वेणी घालताना म्हणते कशी, "बाई, आता तुम्ही राणीमाय करा. शहजादी त्या नव्या पोरीला द्या." मी तिला फणी फेकून मारली होती. त्याचाच सूड.

तुलाही तुझ्या हुलासीनं असंच केलं होतं ना? तू तरी मला समजून घे. कानपुरात चांगला हकीम असेल तर औषध पाठव. भाषण नको पाठवूस.

तुझी नगीना

*

कानपूर, ९ डिसेंबर

नगीना,

औषध पाठवत नाही. प्रश्न पाठवते.

शेंदूर खाल्ला तर तो जिभेला लागतो, हिरड्यांना लागतो, दातांच्या फटीत बसतो. तू आरशात पाहिलंस का? कुणी पाहिलं का? पोट बिघडलं, उलटी झाली? की आदल्या दिवशी जेवलीस तशीच दुसऱ्या दिवशीही जेवलीस?

हा सूर पहिल्यांदाच फुटला का? की गेली दोन वर्षं तू हाकेच्या आधी एक श्वास जास्त घेतेस?

तुझी पाळी चालू आहे का? हसू नकोस. इथल्या वाचनालयात एका डॉक्टरचं पुस्तक आहे, मी ते दोनदा वाचलं. पाळी जाते तेव्हा गळ्यातले पडदेही जाड होतात, आवाज खाली येतो. राणीचा येतो, भंगिणीचाही येतो. आणि तो खर्ज! आपले उस्ताद पहाटे आधी खर्ज भरायला लावायचे, आठवतं? खालचा सूर हे आवाजाचं जेवण आहे. तुझा मास्तर वीस वर्षं तुझ्या गळ्याला उपाशी ठेवून पळवतो आहे आणि आता म्हणतो घोडीला कुणीतरी विष घातलं.

हे पत्र मिळेल त्या दिवसापासून बिट्टनला तुझ्या खोलीत झोपव. दाराला आतून कडी. छेदालालला तिच्या अंगाला हात लावू देऊ नकोस. बाकी मागाहून.

हुलासीचं काढू नकोस. ते जुनं झालं.

सुरसती

*

बिलसारा, २० डिसेंबर

जिज्जी,

तुझं पत्र उशिरा मिळालं. आणि वेळेवर मिळालं असतं तरी मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

बिट्टनची पारख झाली. तुला रीत ठाऊक आहेच: जिच्यावर आळ, तिनं सगळ्या कंपनीसमोर शेंदराचा विडा खायचा आणि मग सूर लावायचा. निर्दोष असेल तर गळा शाबूत राहतो. सकाळी तंबूच्या मागे सगळे गोल उभे राहिले. ठाकुराची चार माणसंही होती. बिट्टन म्हणाली, "मी गाणारी नाही, मी कसला सूर लावू? मला जनावरं हाकलायचा हो-हो तेवढा येतो." दोघंतिघं हसले. मीही हसले, जिज्जी.

तिनं तोंड उघडलं नाही. दोघांनी हात धरले, मास्तरनं चिमट्यानं दात उचकटले. पुढचे दोन दात तुटले, त्याचा आवाज मला ऐकू आला. मूठभर शेंदूर होता. मास्तर बोटानं आत ढकलत होता, तेव्हा तिनं ते बोट चावलं. नुसतं चावलं नाही, पेरापासून तोडलं. मास्तर ओरडत जमिनीवर लोळला. मग ठाकुराच्या माणसांनी तिला लाठ्यांनी मारलं. कुठे मारलं ते लिहीत नाही. तिच्या तोंडातून लाल यायचं, त्यातला शेंदूर कुठला आणि रक्त कुठलं, कळत नव्हतं.

शेवटी तिला उभी केली आणि म्हणाले, लाव सूर. तिच्या घशातून आवाजच निघाला नाही. म्हणजे तीच, नाही का? सगळे म्हणाले, तीच.

त्याच दुपारी तिची झोपडी जाळली. पोलीस आले, तिला घेऊन गेले. मला विष घातलं आणि मालकाच्या जिवावर उठली, असे दोन गुन्हे आहेत. मला साक्षीला बोलावतील.

चांगली बातमी अशी की माझा गळा उघडला. परवा आणि काल मी पुन्हा काळी पाचमध्ये गायले. गुन्हेगार पकडला की दोष उतरतो म्हणतात, ते खरं असावं. आता तरी माझ्यासाठी खूश हो.

नगीना

*

कानपूर, २७ डिसेंबर

नगीना,

तुझं पत्र वाचून मी उठले, घागरभर पाणी डोक्यावर ओतलं, आणि मग लिहायला बसले.

मी आयुष्यात एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. ती आता तुला सांगते.

माझा आवाज चौतीस सालच्या मकनपूरच्या मेळ्यात फुटला. मी एक्केचाळीस वर्षांची होते. फुटला त्या दिवशी मला नवल वाटलं नाही. दोन वर्षं मला कळत होतं. वरच्या सुराआधी मी नगारेवाल्याला डोळ्यानं खूण करायची, तो जोरात वाजवायचा आणि माझ्या सुरातली फट झाकून घ्यायचा. त्या दिवशी झाकली गेली नाही. मालक आत आला आणि मला विचारलं, "शेंदूर का?"

मी होय म्हणून मान हलवली.

एवढंच. एक शब्द बोलले नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. मान हलवली, कारण ती हलवली नसती तर मला म्हणावं लागलं असतं, की नाही मालक, मी म्हातारी झाले. ते म्हणायची माझी छाती नव्हती. मग त्यांनी हुलासीला शोधून काढलं. ती माझे कपडे धुवायची. एकोणीस वर्षांची होती. नगाऱ्याच्या टिपऱ्यांनी तिला मारलं, ज्यांच्या तालावर मी नाचत होते त्याच टिपऱ्यांनी. ती माझ्याकडे बघून ओरडत होती, "बाई, सांगा ना! बाई, सांगा ना!" मी तंबूची कनात ओढून घेतली. तिसऱ्या दिवशी ती नाल्यात सापडली. तोंडात माती होती.

बावीस वर्षं मी फाटकावर उभी राहून सांगते, की मालकांनी कारस्थान करून माझा गळा मारला. बायका रडतात. सगळं खोटं आहे. माझा गळा कुणी मारला नाही. माझा गळा एक्केचाळीस वर्षांचा झाला. आणि तेवढ्यासाठी मी एक पोर मारली.

आता तुझ्या काळी पाचबद्दल. तख्तावर चढण्याआधी तुमच्या नगाऱ्याच्या जोडीतला छोटा नगारा, ती झील, निखाऱ्यावर किती वेळ शेकतात? पूर्वी गाणं सुरू होईतो शेकत असत, तेव्हा कुठे कातडं ताणून ती चढायची आणि तुझ्या सुराला यायची. आता लवकर उतरवत असतील, तर तुझा गळा चढलेला नाही. छेदालालनं पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्या खरवडून सूर उतरवलेत. बोट काळी पाचवर, आवाज काळी तीनचा. मी तीस वर्षं या धंद्यात होते, पोरी. मला फसवू नकोस. स्वतःलाही.

कोर्टात खरं सांग. मी केलं ते करू नकोस.

सुरसती

*

बिलसारा, २१ जानेवारी १९५७

सुरसती,

जिज्जी म्हणत नाही तुला. जीभ वळत नाही.

तुझं पत्र मी पहिल्यांदा वाचलं आणि चुलीत घालणार होते. मग ठेवलं. तुला कधी फासावर चढवायचं झालं तर उपयोगी पडेल. तू खुनी आहेस. एक पोर मारलीस, तिच्या मढ्यावर उभी राहून भाषणं ठोकलीस, टाळ्या घेतल्यास, आणि आता मला शहाणपण शिकवतेस! तू तुझी कनात ओढलीस तेव्हा तुझ्याकडे दुसरा धंदा होता? होता. तुला बोलता येत होतं. मला काय येतं? मला गाता येतं. शहजादी करता येते. दुसरं काही येत नाही. उद्या मी म्हणाले, मी सेहेचाळीस वर्षांची आहे, की परवा छेदालाल मला बाजाराच्या खेळातही उभी करणार नाही. ठाकूर तर जिवंतच ठेवणार नाही. तो म्हणतो, माझ्या लेकीच्या लग्नात माझी अब्रू गेली, ती त्या रांडेनं घेतली, तुझ्या म्हातारपणानं नव्हे. तुझ्या म्हातारपणानं गेली असं ठरलं तर मी तुझ्याकडून वसूल करीन.

हो, पेटी खरवडली आहे. झाली तुझी जीत? झील आता दोन विड्या ओढून होईतो तयार होते. नगारेवाला माझ्याकडे बघत नाही.

आणि ऐक. गेल्या मंगळवारी मेळ्यात खेळ होता. पुढच्या रांगेत एक रेवडीवाला बसला होता. त्याला कान होते, बिचाऱ्याला. हाकेच्या सुराला तो म्हणाला, "आजीबाई, तुमची नात कुठंय? तिला पाठवा!" ठाकुराच्या माणसानं त्याच्या मांडीत गोळी घातली. पाच हातांवरून. त्याची टोपली उपडी झाली, लोक रेवड्यांवरून घसरत पळाले. मी गात होते. गाणं थांबवायचं नाही असा मास्तरचा हुकूम आहे. तो माणूस जमिनीवर "आई गं" करत होता, आणि मी वरून प्रियकराला हाक मारत होते.

त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापला म्हणे.

पुन्हा लिहू नकोस.

नगीना

*

कानपूर, २७ जानेवारी

नगीना,

खुनी म्हणालीस ते बरोबर आहे.

पण हिशेब तू स्वतःच लिहिला आहेस. एका बाईनं सोळा वर्षांचं राहावं म्हणून एकीचे दात, तिचीच वाचा, एका मालकाचं बोट, एका रेवडीवाल्याचा पाय. अजून तू पन्नाशीची व्हायची आहेस. पुढच्या चार वर्षांत किती माणसं लागतील?

बिट्टनला एकदा तुरुंगात भेटून ये. तिला काही समजावू नकोस. नुसती समोर उभी राहा.

सुरसती

*

बिलसारा, ११ फेब्रुवारी

जिज्जी,

गेले होते.

तिला मी ओळखलं नाही. जबडा वाकडा बसला आहे. वाचा गेली आहे, नुसता वारा येतो. मी गजांजवळ गेले आणि म्हणाले, "बिट्टन." तिनं दोन्ही हात बाहेर काढले. मला वाटलं, माझा पदर सारखा करते आहे, वीस वर्षं करायची तसा. तिनं माझा गळा धरला. दोन्ही अंगठे बरोब्बर मधोमध. तिला ठाऊक आहे ना, रुमाल तीच बांधायची. डोळ्यांपुढे काळं झालं. शिपायानं तिच्या मनगटावर दोनदा दंडुका हाणला तेव्हा तिनं सोडलं. तिचं मनगट मोडलं असणार. पहिल्या दंडुक्याला सोडलं नाही.

मला दोन दिवस बोलता येईना. मास्तरनं खेळ रद्द केले. आणि खरं सांगू? त्या दोन दिवसांत मला कुणी काळी पाच मागितली नाही. मी झोपले. तूप नाही, कुलंजन नाही, रुमाल नाही. वांग्याचं भरीत खाल्लं, त्यावर दही घेतलं. किती वर्षांनी दही, जिज्जी! तिसऱ्या दिवशी पहाटे उठून हळूच खर्ज लावला. लागला गं. जाडजूड, खालचा, भरलेला आवाज. मी घाबरले, वाटलं खोलीत दुसरी कुणीतरी बाई आहे. मग बराच वेळ तिचं ऐकत बसले. वाईट नव्हती ती. राणीमाय तिनं झकास केली असती.

बिट्टननं मला तेच सांगितलं होतं, आणि मी फणी फेकली होती.

मी कोर्टात सांगीन. शेंदूर नव्हता, वय होतं. तारीख अकरा मार्चची आहे. पण छेदालालच्या वकिलानं एक हकीम उभा केला आहे. तो शपथेवर सांगणार, की बाईनं जपलेला गळा मरेपर्यंत उतरत नाही, उतरला तर विषच. आजवर एकाही नौटंकीवालीनं आपला गळा आपोआप उतरल्याचं सांगितलेलं नाही, असंही तो म्हणणार. आणि ते खरंच आहे ना? कुणी सांगितलंय? त्यापुढे माझ्या एकटीचं कोण ऐकणार? वेडी म्हणतील, ठाकुराला घाबरली म्हणतील. बिट्टनला दहा वर्षं होतील. ती दहा महिनेही काढणार नाही.

फाटकावर साहेब दाद देत नाही तेव्हा तू काय करतेस, ते मी ऐकून आहे. माणसं आणतेस. मग आण. बंदुकीला मी एकटी भीत होते. पुष्कळजणी असलो तर कमी भिईन.

ही पत्रं ज्यांना दाखवायची त्यांना दाखव. माझं वय खोडू नकोस.

तुझी नगीना

*

तर बायांनो, एवढंच आहे.

हकिमाच्या शपथेला माझं पुस्तक उत्तर देणार नाही. कोर्ट म्हणेल, पुस्तक विलायती आहे. त्याला उत्तर तुमचे गळे आहेत. तुमच्यातली प्रत्येकजण, जिनं चाळिशी ओलांडली, तिला ठाऊक आहे की वरचा सूर कधीपासून निसटतो आहे. ते तुम्ही नवऱ्याला सांगितलं नाही, मालकाला सांगितलं नाही, उशीला सांगितलं. आपण गप्प राहिलो म्हणून त्या हकिमाला शपथ घ्यायला तोंड मिळालं. आपल्या मौनाच्या जोरावर एका बाईला तुरुंगात मारणार आहेत, आणि ती शेवटची नसेल. तुमच्याही वेण्या कुणीतरी घालतंच.

ठाकुराची माणसं येतील. बंदुका आणतील. मी सांगणार नाही की ते झाडणार नाहीत. हसणाऱ्या एकट्यादुकट्यावर ते झाडतात, हे तुम्ही वर वाचलंत. साठ-सत्तर बायका हातात हात घालून उभ्या असल्या की बंदूकवाल्यांचे हात कसे ढिले पडतात, ते मी गिरणीच्या फाटकावर पाहिलं आहे. पहिल्या रांगेत मी असेन. त्रेसष्ट वर्षांची आहे, मला लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात मला बोलावलं तर मकनपूरचं सगळं सांगीन. नाही बोलावलं, तर बाहेर सांगीन आणि तिथूनच हुलासीच्या खुनाची कबुली द्यायला ठाण्यावर जाईन.

कानपूरहून कासगंजला या, तिथून मोटारीनं बिलसारा. सोमवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजता, सेशन कोर्टाचं फाटक. मालक सोडत नसेल तर तोंड न रंगवता तंबूतून निघा, कुणी ओळखणार नाही. पेटी आणू नका, नगारा नको. कोर्टाच्या कारकुनापुढे एकेकीनं उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, गळा कोणत्या साली उतरला ते सांगायचं, आणि खालच्या, आहे त्या आवाजात, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं, आपलं वय सांगायचं.